मनधरणीचा मोसम

सकाळी छतावर रखियाच्या बड्या घालत बसले होते. रखिया म्हणजे आपला कोहळा. तो किसायचा, भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीत फेटायचा आणि जुन्या धोतरावर सांडग्यांसारखे लहान लहान गोळे टाकून नोव्हेंबरच्या उन्हाच्या हवाली करायचा. हात कोपरापर्यंत बरबटलेले, नाकात कोहळ्याचा ओला हिरवा वास, आणि तेवढ्यात खालून माझ्या मुलाची आरोळी आली, "मम्मी, लिस्ट आ गई! अपने यहाँ बाहरवाले को टिकट दे दिया."

"मग आता?" मी वरूनच विचारलं. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या बहुतेक मराठी घरांत आता असंच चालतं.

"अब क्या! सब रूठेंगे, फिर बड़े नेता मनाने आएँगे," असं म्हणत त्यानं गाडी सुरू केली आणि हसत कामाला निघून गेला. त्याला हा सगळा तमाशा वाटतो. मला मात्र इतक्या वर्षांनीही राग येतो, आणि तो राग शिळा झालेला नाही याचं मला जरा बरंही वाटतं. त्या दिवशीच्या बड्या सगळ्या लहानमोठ्या झाल्या.

आमच्या शहरात हा एक मोसमच आहे. दिवाळी नुकतीच झालेली असते. गुरं राखणाऱ्या राउतांचे जथे कवड्या लावलेली जाकिटं घालून, लाठ्या नाचवत गल्ल्यांतून फिरत असतात. धान कापून झालेलं असतं आणि गावाबाहेरून येणाऱ्या वाऱ्याला पेंढ्याचा वास असतो. चुनावाच्या वर्षी नेमक्या याच दिवसांत टिकटांची यादी येते. यादी आली, की पर्चा, म्हणजे उमेदवारी अर्ज, मागं घेण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकट न मिळालेले रुसतात, आणि टिकट न देणारे त्यांना मनवत दारोदार हिंडतात. कोणी कोणाकडे जायचं याचे नियम लग्नातल्या मानपानापेक्षा कडक असतात. साधा कार्यकर्ता रुसला तर मंडळाच्या अध्यक्षाचा नुसता फोन. मागं चार पोरं बाळगणारा रुसला तर जिल्ह्याचा माणूस येतो, सोबत मिठाईचा डबा. आणि ज्यानं रागाच्या भरात अपक्ष पर्चा भरून टाकला, त्याच्या दारात खुद्द प्रदेशाचा नेता उतरतो. गळ्यात हार, खांद्यावर हात, शेजारी फोटोवाला. रुसवा किती खरा, हे कोणी बघत नाही. तो किती महाग पडेल, एवढंच बघतात.

या दिवसांत प्रत्येक भाषणात 'देवतुल्य कार्यकर्ता' हा शब्द येतो. ऐकलं की मला हसू फुटतं. देवाचं आपण काय करतो? वर्षातून एकदा बाहेर काढतो, हारतुरे घालतो, मिरवतो, आणि वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडतो. त्या अर्थानं शब्द अगदी बरोबर आहे. आमच्या घरात असा एक देवतुल्य माणूस होता, माझे बाबा.

ज्या सालची आठवण मी काढते आहे, तेव्हा राज्य नवं होतं. कालपरवापर्यंत प्रत्येक कागदासाठी भोपाळकडे तोंड करून बसलेलं रायपूर एकाएकी राजधानी झालं होतं. राजधानी म्हणजे काय ते आम्हाला आधी सायरनवरून कळलं. ज्यांना गोल बाजारात स्टीलच्या पातेल्याच्या भावावरून हुज्जत घालताना आम्ही पाहिलं होतं, ते लाल दिव्याच्या गाडीतून भर्रकन जायला लागले. पाट्या रंगवणाऱ्यांची चांदी झाली. ज्या घरांवर साधी नावं होती त्यांवर नावाखाली हुद्दा आला, हुद्द्याखाली खातं आलं. रस्ते एकदम सगळीकडे खोदले गेले होते आणि बूढा तलावाच्या कडेची झाडं धुळीनं पांढरी दिसत होती. त्या धुळीत नव्या राज्याचा पहिला चुनाव आला.

मी बाळंतपणाला माहेरी आले होते. सासर तेव्हा भिलाईला, नवरा तिथल्या स्टील प्लांटमध्ये; इथे राहायला आम्ही पुढे आलो. माझे पाय सुजलेले, पोट एवढं मोठं की बसलं की उठवत नसे. आई मला कशाला हात लावू देत नव्हती. मग मी दिवसभर समोरच्या खोलीत खिडकीशी बसून राही. बसल्या जागी माणसाचा स्वभाव तिखट होतो, आणि माझा आधीच गोड नव्हता.

ती समोरची खोली म्हणजे बाबांचं टायपिंग इन्स्टिट्यूट. आजोबा गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले. बाबांनी नोकरी धरली नाही, हिंदी-इंग्रजी टायपिंगचे वर्ग काढले. शहरातले निम्मे बाबू त्यांच्या हाताखालून गेले, म्हणून सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना 'मास्टरजी' म्हणे. त्या सुमारास कॉम्प्युटर आले होते आणि मशीनांवर खोळी चढल्या होत्या. दुपारी एखाददुसरी पोट्टी येऊन टकटक करून जाई, बाकी खोली शाईफितीचा वास घेऊन गप्प बसलेली असे.

बाबा एका बायकोचे आणि एका पार्टीचे. पार्टीची जमानत जप्त होत असे तेव्हापासूनचे. देवळात जाणं, शब्द पाळणं, वडीलधाऱ्यांपुढे आवाज न चढवणं आणि पार्टीचं काम करणं, हे त्यांच्या लेखी एकाच जातीचं होतं. टिकट त्यांनी कधी मागितलं नाही. मागितलं असतं तरी लोक हसले असते, आणि त्यांच्याबरोबर तेही हसले असते. त्यांना हवं होतं फक्त त्यांचं टेबल. मतदानाच्या दिवशी म्युनिसिपालटीच्या शाळेबाहेर, नियमाच्या अंतरावर, इन्स्टिट्यूटमधलं एक टेबल टाकून ते बसत. मतदाराचं नाव, क्रमांक, खोली अशा पर्च्या त्यांनी स्वतः हिंदी मशीनवर टाइप केलेल्या असत. दुसऱ्या पार्टीचे लोकही आपली गिचमिड पर्ची खिशात घालून बाबांची स्वच्छ पर्ची घेऊन आत जात. बाबा त्यांनाही देत. "मतदान तर होऊन राहिलं ना," म्हणत.

हेच टेबल एका म्युनिसिपल चुनावात उलटवलं गेलं होतं. उलटवणारी पोरं भैयाजींची. भैयाजी म्हणजे ट्रान्सपोर्टवाले, तेव्हा दुसऱ्या पार्टीचे. ते स्वतः हात लावायला आले नव्हते. जीपला टेकून उभे होते आणि पान खात होते. बाबांचा चष्मा फुटला, पर्च्या नालीत गेल्या. बाबांनी त्या एकेक करून वेचल्या, शाळेच्या भिंतीवर उन्हात वाळवल्या आणि संध्याकाळपर्यंत वाटल्या. घरी आल्यावर आईनं हळद लावली तेव्हा कुठं त्यांच्या कपाळाला खोक पडल्याचं आम्हाला दिसलं.

आणि नव्या राज्याच्या त्या चुनावाची यादी आली, तर आमच्या पार्टीचं टिकट भैयाजींना! दिवाळीच्या जरासं आधी त्यांनी गमछ्याचा रंग बदलला होता. वाटलं होतं, बसतील मागच्या रांगेत चार वर्षं. पण मागच्या रांगेत बसायला बाबांसारखे होतेच की. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. बीळ खणणारे उंदीर निदान पळून तरी जातात, आमचे बिळाच्या तोंडाशी स्वागताला उभे होते.

त्या दिवशी बाबा पार्टीच्या कार्यालयातून लवकर परतले. एका मशीनची खोळ काढली, पुन्हा घातली, आणि आईला म्हणाले, "मी या साली टेबलावर बसनार नाही. ज्यानं टेबल उलटवला त्याचीच पर्ची मी वाटू?"

"हव, नका बसू," आई म्हणाली. तिला वाटलं विषय संपला. तो तिथूनच सुरू झाला.

कारण बाबा रुसले. आता रुसायचीही एक रीत असते, आणि ती आमच्या घराला येत नव्हती. बाबांनी संध्याकाळच्या बैठकीला जाणं सोडलं. एक पोळी कमी खाऊ लागले. पेपर वाचून झाला की घडी करून ठेवण्याऐवजी तसाच टाकू लागले. एवढाच तो रुसवा! आणि रोज सकाळी आंघोळ करून ते पार्टीचं कार्यालय उघडायला जात, कारण किल्ली त्यांच्याकडे असे. कुलूप काढायचं, माठ भरायचा, सतरंजी झटकायची, खिडक्या उघडायच्या, आणि पहिला माणूस यायच्या आत घरी परतून रुसून बसायचं. ज्या पार्टीवर नाराज, तिचंच दार हा माणूस रोज उघडून देत होता. त्यांच्या नाराजीची खबर कोणाला लागणार कशी?

आई भडकली. "तुम्ही रुसले हे त्याइले सांगा तरी! काहून गप बसून राहिले?"

"सांगून रुसनं म्हंजे मागनं झालं," बाबा म्हणाले. "इतक्या वर्षांत त्याइले एवढं समजत नाही का, की या मानसाले हे लागलं असन?"

"समजत असतं तर हा दिवस आला असता काय? किल्ली तरी फेकून द्या त्यांच्या अंगावर."

"किल्लीनं काय केलं?" बाबा म्हणाले. "सकाळी लोक येतात, दार बंद दिसलं तर बरं नाही."

मी खिडकीशी बसून दोघांचं ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला नेत्यांपेक्षा बाबांचाच जास्त राग येत होता. सभ्य माणसांनी सभ्यपणे रुसायचं आणि समोरच्यानं ते ओळखायचं, हा व्यवहार बहीणभावात चालतो, फार तर व्याह्याव्याह्यांत चालतो. राजकारणात तो चालतो असं मानणं ही चूक फक्त आमच्यासारखीच माणसं करू शकतात.

कसं रुसायचं ते आमच्याच गल्लीतल्या घनश्यामला विचारावं. घनश्याम बाबांच्याच हाताखाली पर्च्या वाटायला शिकलेला. त्यालाही भैयाजी नको होते, पण त्याचं कारण टेबल नव्हतं, त्याला स्वतःला काहीतरी हवं होतं. यादीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं कार्यालयातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या चौकात आणून तोडल्या. मग डोक्यावर डबा धरून ओरडला, "मिट्टी तेल डाल के जल जाहूँ!" अर्धा पारा जमला. बायका रडू लागल्या. मी खिडकीतून बघत होते, डब्यातून जे सांडलं त्यानं खालची धूळ नुसती ओली झाली, रॉकेलचा वास म्हणून आला नाही. ते पाणी आहे हे सगळ्यांना कळलं, पोलिसालाही कळलं, तरी सगळे "अरे नहीं, अरे नहीं" करत त्याला धरत राहिले. दुपारपर्यंत निरोप आला, की मोठे भाईसाहब स्वतः घनश्यामला मनवायला येणार.

भाईसाहब म्हणजे संघटनेतले फार वरचे. त्यांचं काम त्या दिवसांत एकच, रुसलेल्यांच्या घरी जाऊन चहा पिणं. तो चहा पिऊन म्हणे त्यांनी किती बंडं शमवली होती.

निरोप ऐकल्यावर आईच्या मनात आलं, की गल्लीत येणारच आहेत तर ते मास्टरजींकडे आल्याशिवाय कसे राहतील? तिनं खुर्च्यांना नवे अभ्रे घातले. मोरीत घासून घासून फिनाईल टाकलं. नवा टॉवेल काढून टांगला. दिवाळीतले अनारसे तिनं आधीच एका डब्यात बाजूला काढले होते. मला त्या दिवसांत अनारशांचे डोहाळेच लागले होते म्हणा, पण डब्याला हात लावला की ती म्हणे, "ते ठेव बेबी, भाईसाहेब आले तर लागतीन." नऊ महिन्यांच्या पोटुश्या लेकीला अनारसा नाही आणि नेत्यासाठी डबा राखलेला! मी तिला तोंडावर बोलले तेव्हा ती रडली. तिला अनारसे खाऊ घालायचे नव्हते. कोणीतरी येऊन तिच्या नवऱ्याला "मास्टरजी, तुमचं चुकलं नाही" एवढं म्हणावं, हे तिला हवं होतं. तिला तसं सांगता येत नव्हतं, म्हणून ती अभ्रे बदलत होती.

भाईसाहब यायच्या आधी दारात राउत आले. गडवा बाजा वाजू लागला, एकानं लाठी उंचावून दोहा म्हटला आणि शेवटी घराला आशीर्वाद दिला, मास्टरजीचं घर भरलेलं राहो, नातू होवो. कोणी शिकवलं होतं त्यांना बाबांचं नाव? दरवर्षी सूपभर तांदूळ घेऊन जाणारी माणसं ती. बाबा त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले आणि तांदळावर धोतराच्या घडीतली नोटही ठेवली.

मग गाड्या आल्या. गल्ली अरुंद, म्हणून त्या तलावाच्या रस्त्याला थांबल्या आणि सगळा घोळका पायी आला. आमच्या खिडकीवरूनच पुढे गेला. बाबा पांढरा सदरा घालून, वर काळी बंडी चढवून, मशीनच्या स्टुलावर बसलेले होते. त्यांनी उठायची तयारी केली आणि पुन्हा बसले. समोर घनश्यामच्या घरात टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या. त्याला काहीतरी पद देऊन टाकल्याचं गल्लीला लगेच कळलं.

आणि खरोखरच, थोड्या वेळानं घोळका आमच्या दाराशी वळला. घनश्याम पुढं, भाईसाहब मागं. आईचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. बाबा उभे राहिले, हात जोडले. भाईसाहबांनी घाईघाईनं हात जोडले आणि घनश्यामकडे पाहिलं. घनश्याम म्हणाला, "मास्टरजी, जरा बाथरूम दिखा दीजिए. भाईसाहब को जाना है. मेरे यहाँ ठीक नहीं पड़ेगा."

सकाळपासून घरोघरी चहा पिऊन पिऊन माणसाचं आणखी काय होणार? आईनं वाट दाखवली. आम्ही सगळे, फोटोवाल्यासकट, समोरच्या खोलीत उभे राहून पाण्याचा आवाज ऐकत होतो. मला इतक्या वर्षांनी त्या नेत्याचा चेहरा नीट आठवत नाही, तो आवाज आठवतो.

ते आईच्या नव्या टॉवेलला हात पुसत बाहेर आले. बाबा पुढे झाले. "भाईसाहब, मुझे एक बात कहनी थी. ये टिकट..."

भाईसाहबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "अरे मास्टरजी, आपको क्या मनाना! आप तो घर के आदमी हैं. आप कहाँ जाएँगे?" मग मागं वळून सगळ्यांना म्हणाले, "ऐसे लोग हैं, इसलिए पार्टी है." लोक हसले, फोटोवाल्यानं फोटो काढला, आणि घोळका निघून गेला. अनारशाचा डबा उघडायलाही कोणाला वेळ झाला नाही. तो मी उघडला, आणि एकामागून एक खात सुटले. ते खवट झाले होते.

या एका वाक्यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. आप कहाँ जाएँगे. त्यात दुष्टपणा नव्हता, हेच जास्त झोंबतं. तो हिशेब होता, आणि बरोबर होता. आम्ही देवाधर्माचे, रीतीरिवाजाचे लोक. दुसऱ्या पार्टीच्या चिन्हाकडे आमचा हातच वळत नाही, बोटाला लकवा होतो. हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून जो जाऊ शकतो त्याच्या दारी हार, आणि जो जाऊ शकत नाही त्याची मोरी. घर की मुर्गी म्हणतात, पण मुर्गीला निदान कापताना तरी हातात धरतात. आमच्या निष्ठेवर जे लोक जेवले त्यांनी कधी ताटाखाली बघितलं नाही. आज टीव्हीवर त्यांचे नवे अवतार बसून मूल्यांवर बोलतात. भैयाजी मधल्या काळात परत तिकडे गेले, मग परत इकडे आले, दोन्ही वेळा घरवापसीच्या मिठाया वाटल्या गेल्या. घर सोडून जाणाऱ्याला दर वेळी मिठाई, आणि घरातच राहिलेल्याला भिंतीसारखं गृहीत धरायचं. मला यांची चीड येते असं म्हणणं कमी पडेल. मला त्यांची किळस येते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कार्यालय उघडलं आणि किल्ली समोरच्या चहावाल्याकडे ठेवून आले. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीत एक धोतर, एक सदरा टाकला आणि आईला म्हणाले, "मी गोंदियाले चाललो, बहिनीकडे."

"आता?" आई ओरडली. "पोरीचे दिवस भरले, अन् तुम्ही गोंदियाले चालले?"

"परवा येतो," बाबा म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि रेल्वे स्टेशनकडे रिक्षा केली. माझं पोट मध्येच दुखत होतं तरी मी त्यांना अडवलं नाही. मला वाटलं, जाऊ दे, एकदा तरी जाऊ दे.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर टेबल होतं, पण बाबांचं नव्हतं. घनश्यामची पोरं मोबाईल कानाला लावून बसली होती. दुपारी जेवायला गेली ती परत आली नाहीत. म्हातारी माणसं आमच्या दारात येऊन विचारत, "मास्टरजी कहाँ हे?" आई सांगे, "बाहर गाँव गए." मग ती तिथंच थोडी घुटमळत. माझं नाव अजून माहेरच्याच यादीत होतं; आम्हा दोघींनाही शेजाऱ्यांनी रिक्षातून नेलं. परतताना मी आईला विचारलं, "कोनाले दिलं?" ती रागानं म्हणाली, "मले काय विचारते? तुनं कोनाले दिलं?" हात कुठं गेला होता ते दोघींना ठाऊक होतं.

दुपारी फोन वाजला. गोंदियाच्या पीसीओवरून बाबा. मला वाटलं माझी चौकशी करतील. त्यांनी विचारलं, "किती टक्के झालं आपल्या शाळेत? पाऱ्यातल्या बाया निघाल्या का?" आईनं फोन ठेवून दिला. नंतर आत्या सांगायची, दादा दिवसभर ओसरीवर घड्याळ बघत बसला होता. आता गिरणीवाले येतील, आता शाळेजवळची गर्दी वाढेल, असं आपल्याशीच बोलत होता. जेवला नाही. संध्याकाळी मतदान संपायची वेळ झाली तेव्हा उठून तोंड धुतलं आणि म्हणाला, "झालं."

भैयाजी जिंकले. त्या साली वारंच तसं होतं, दगड उभा केला असता तरी जिंकला असता, आणि काही ठिकाणी उभा केलाही होता. निकालाच्या दिवशी जुलूस आमच्या गल्लीत आला. डीजे नव्हता तेव्हा, धुमाल होती, ढोलताशांची. तिच्या दणक्यानं खिडकीची काच वाजत होती आणि पोटातलं बाळ लाथा मारत होतं. गुलालानं नाल्या लाल झाल्या. बाबा दाराशी उभे होते, पिशवी अजून खुंटीला तशीच अडकवलेली. त्यांना वाटलं असावं की आता तरी कोणी विचारेल, तुम्ही कुठं होता? तुमचं टेबल का नव्हतं? आमच्याकडून काय चुकलं? त्यांचा चेहरा मला कडेनं दिसत होता. उत्तर तोंडावर तयार असलेल्या विद्यार्थ्यासारखा तो दिसत होता.

भैयाजी उघड्या जीपमधून खाली उतरले. कोणीतरी कानात सांगितलं असणार, हे मास्टरजी, इथले जुने. ते धावत आले, बाबांच्या पायांना हात लावला, आपल्या गळ्यातला एक हार काढून त्यांना घातला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, आपके बूथ ने तो कमाल कर दिया! आप उस दिन सुबह से टेबल पर डटे रहे, मुझे सब रिपोर्ट है. आपके बिना ये नहीं होता!"

बाबांनी त्यांचा हात धरला. सोडला नाही. मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाले, "मैं टेबल पर नहीं था. मैं गोंदिया में था."

भैयाजींनी हसून मूठ वर केली. "हाँ दादा, हाँ! गोंदिया भी जीतेंगे!"

धुमाल वाजली, लोकांनी जयजयकार केला, आणि जीप पुढं गेली. गोंदिया तर आमच्या राज्यातही नाही.

माझा मुलगा त्यानंतर आठवड्याभरात झाला. बाबांनी त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यांच्या नखांत अजून गुलाल होता.

पुढच्या चुनावाला मी पुन्हा त्याच खोलीत, त्याच दिवसांत माहेरी होते. यादी आली होती. गल्लीत आरडाओरडा चालू होता, कोणाच्या तरी घरी गाड्या लागल्या होत्या. बाबा खिडकीशी बसून नातवासाठी शिंगाडे सोलत होते. पार्टीचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, चांगलं नाही आणि वाईटही नाही. पोळ्या पूर्ण खात होते, पेपरची घडी घालत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, या साली नाही रुसले?"

त्यांनी सोललेला शिंगाडा पोराच्या हातात दिला.

"रुसाले ओळख लागते, बेबी."